हात कुठवर पोचतो

रविवारी सकाळी नऊ-साडेनऊच्या सुमारास, अमेरिकेत शनिवारची रात्र चढलेली असते तेव्हा, आमच्या घरी टीव्हीवर मारामारी चालू असते. आईला ते अजून पटलेलं नाही. ती पोह्यांची बशी माझ्यापुढे ठेवते आणि पडद्याकडे पाठ करून बसते. मुख्य लढतीआधी दोघांचा तक्ता दाखवतात: वय, उंची, वजन आणि रीच. मी हा तक्ता खालून वर वाचतो. ज्यांचे हात आखूड असतात त्यांना ही सवय आपोआप लागते.

रीच म्हणजे दोन्ही हात खांद्यांच्या रेषेत ताणले की एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्या मधल्या बोटाच्या टोकापर्यंत भरणारं अंतर. विहिरीचा दोर जुनी माणसं वावांत मोजत, ते हेच माप. साधारण माणसात ते उंचीच्या आसपास येतं. रिंगमध्ये उतरणारी माणसं साधारण असतीलच असं नाही. सनी लिस्टनची उंची सहा फूट एक इंच आणि रीच ८४ इंच. हात पसरले की सात फूट. रॉकी मार्सियानोचं उलट. उंची पाच फूट साडेदहा इंच आणि रीच ६८, काही ठिकाणी तर ६७ इंच, म्हणजे स्वतःच्या उंचीहूनही कमी. दोघंही हेवीवेटचे जगज्जेते. मार्सियानो तर ४९ लढती लढून एकही न हरता निवृत्त झाला.

तक्त्यातला हा आकडा थोडा फुगवलेला असतो, हे बऱ्याच प्रेक्षकांच्या लक्षात येत नाही. ८ जून २००२ला मेम्फिसमध्ये लेनक्स लुईस आणि माइक टायसन समोरासमोर आले तेव्हा लुईसचा रीच ८४ आणि टायसनचा ७१ होता. तेरा इंचांचा फरक ऐकूनच टायसनची कीव येते. पण या मापात दोन्ही हात येतात आणि मधली छातीही येते. ठोसा मारायला एका वेळी एकच हात पुढे जातो. म्हणजे प्रत्यक्ष फरक फार तर साडेसहा इंच. शिवाय कोण कसा उभा राहतो यावर बरंच अवलंबून असतं. अंग बाजूला वळवून, पुढचा खांदा ठोशामागे पूर्ण सोडणारा माणूस आहे त्याच हातात दोन-तीन इंच जास्त काढतो. समोर छाती करून उभा राहणारा तेवढेच घालवतो. पस्तिशीतल्या, उतरणीला लागलेल्या टायसनविरुद्ध लुईसला ते साडेसहा इंच पुरले. आठव्या फेरीत टायसन पाठीवर आडवा होता.

साडेसहा इंच म्हणजे काय ते आकड्यातून कळत नाही. ते कपाळावर कळतं. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी पुण्यातल्या एका जिममध्ये बॉक्सिंग करायचो. शिकवणारे सर लष्करातून निवृत्त झालेले. ‘गया तो वापस ला’ हे त्यांचं पालुपद, म्हणजे जॅब, पुढच्या हाताचा सरळ ठोसा, जितक्या वेगाने गेला तितक्याच वेगाने हात परत गालाशी यायला हवा. माझ्याच वजनाचा पण माझ्याहून वीतभर उंच असा एक मुलगा तिथे होता. सर हटकून त्याच्याशीच माझी जोडी लावायचे. त्याचा जॅब फार लागायचा नाही. तो नुसता यायचा. मी अजून काही ठरवतोय, पाय कुठे टाकावा बघतोय, तोवर हेडगार्डवर टप्पकन आवाज यायचा. मी उजवा सोडला तर तो त्याच्या छातीपुढच्या हवेत संपायचा. त्याच्यापर्यंत पोचायला मला एक पाऊल पुढे टाकावं लागे, आणि ते पाऊल पडेपर्यंत मी त्याच्या हाताच्या टप्प्यात असे, तो मात्र माझ्या टप्प्याबाहेर. दोघांच्या मधोमध एक जकात नाका होता. आत जायचं तर दर वेळी एक-दोन ठोसे भरायचे.

आत गेल्यावर मात्र हिशेब पालटायचा. लांब हाताला दुमडायला जागा लागते. छातीला छाती भिडली की त्याचे कोपर त्यालाच अडचण व्हायचे, आणि माझा आखूड हुक, म्हणजे कोपर वाकवून बाजूने येणारा ठोसा, मजेत फिरायचा. बरगड्यांवर एक, परत एक, मग वर हनुवटीकडे. ते तीन-चार सेकंद माझे असायचे. मग तो दोन्ही हातांनी मला कवटाळायचा, सर ‘ब्रेक’ म्हणायचे, आणि आम्ही एकेक पाऊल मागे जायचो. म्हणजे मी पुन्हा नाक्याच्या बाहेर.

‘ब्रेक’ या आज्ञेबद्दल पुढे बरंच बोलायचं आहे. त्याआधी नियम पाहू. बॉक्सिंगमध्ये कमरेखाली मारायचं नाही, लाथ नाही, गुडघा-कोपर नाही, धरून पाडायचं नाही, डोक्याच्या मागे मारायचं नाही. एवढं सगळं काढून टाकल्यावर उरतात दोन मुठी आणि समोरच्याचा कमरेवरचा पुढचा भाग. मग दोघांमधल्या अंतराला एकच माप उरतं, ते म्हणजे हात. समोरच्याला मी मारू शकतो पण तो मला मारू शकत नाही, अशी एक चिंचोळी पट्टी लांब हातवाल्याच्या मालकीची असते, आणि पूर्ण लढत त्या पट्टीवर कोण राहतो याचीच असते.

ही पट्टी वापरणारा माझ्या माहितीत टॉमी हर्न्ससारखा दुसरा नाही. वेल्टरवेट, म्हणजे १४७ पौंडांचा गट, आणि माणूस सहा फूट एक इंच उंच, रीच ७८ इंच. डावा हात कमरेजवळ सैल सोडलेला. तिथून जॅब खालून वर यायचा, त्यामुळे तो दिसायचाच उशिरा. १६ सप्टेंबर १९८१ला लास व्हेगासमध्ये सीझर्स पॅलेसच्या उघड्या आवारात तो शुगर रे लेनर्डशी लढला. लेनर्डचा रीच ७४. हाताला दोन इंचांचा फरक, पण बाराव्या फेरीअखेर लेनर्डचा डावा डोळा सुजून मिटत आला होता आणि गुणांत तो मागे होता. कोपऱ्यात त्याचे प्रशिक्षक अँजेलो डंडी त्याला म्हणाले की पोरा, तू ही घालवतो आहेस. तेराव्या फेरीत लेनर्ड जॅबची पर्वा सोडून आत घुसला आणि चौदाव्यात हर्न्स दोरांना टेकलेला असताना पंचांनी लढत थांबवली. थांबवली त्या क्षणी तिन्ही पंचांच्या कागदावर हर्न्स पुढे होता. लेनर्डने त्या दोन फेऱ्यांत जी जकात भरली ती किती जणांना परवडेल, हा प्रश्न मला नेहमी पडतो.

वजनाचे गट असतात म्हणून सगळं समसमान होतं, असं वाटत असेल तर मेरी कोमची गोष्ट आठवावी. वजनकाट्यावर किलो समान होतात, हाडं होत नाहीत. एकाच वजनात जो उंच असतो तो किडकिडीत असतो, आणि जो बुटका असतो तो गोळीबंद. मेरी कोमने जागतिक विजेतेपदं मिळवली ती ४५, ४६, ४८ किलोंच्या गटांत. २०१२ला लंडन ऑलिंपिकमध्ये महिला बॉक्सिंग पहिल्यांदा आलं, पण गट फक्त तीन: ५१, ६० आणि ७५ किलो. पाच फूट दोन इंचांच्या या बाईला ५१त जावं लागलं. तीन किलो वाढवणं हा आहाराचा आणि व्यायामाचा प्रश्न झाला. तीन किलोंबरोबर समोर जी उंची आणि जे हात आले त्याला कुठलाच आहार लागू नव्हता. उपांत्य फेरीत निकोला ॲडम्सने तिला ११-६ हरवलं. त्या काळी पंच स्वच्छ लागलेले ठोसे बटण दाबून मोजत, त्यामुळे लांबून येऊन टेकणाऱ्या जॅबची किंमत आणखी वाढायची. ते कांस्यपदक मला तिच्या सहा जागतिक सुवर्णांपेक्षा जड वाटतं.

याच्या नेमकं उलट चित्र टोकियोत दिसलं. आसामच्या गोलाघाट जिल्ह्यातली लवलिना बोर्गोहाईं ६९ किलोंच्या गटात उंच आणि लांब हातांची. मुय थाई या थायलंडच्या किकबॉक्सिंगपासून सुरुवात करून ती बॉक्सिंगकडे आलेली. उपांत्यपूर्व फेरीत तिने अंतर राखून पदक पक्कं केलं. उपांत्य फेरीत समोर तुर्कीची बुसेनाझ सुरमेनेली आली, जी लवलिनाहून बुटकी आणि रुंद, आणि तिने अंतर राखूच दिलं नाही. निकाल ५-०. लांब हात ज्याच्याकडे आहे त्याला मागे सरकायला जागा लागते, ती काढून घेतली की त्याचं माप कागदावरच राहतं.

मार्सियानोने आयुष्यभर हेच केलं. त्याचे प्रशिक्षक चार्ली गोल्डमन यांनी त्याला उंच करायचा प्रयत्न केला नाही, उलट आणखी वाकवला. खाली दबून तो इतका लहान व्हायचा की उंच माणसाला ठोसा खाली वळवावा लागे आणि त्यात त्याची लांबी खर्च होई. २३ सप्टेंबर १९५२ला फिलाडेल्फियात जर्सी जो वॉलकॉटविरुद्ध तो पहिल्याच फेरीत खाली पडला होता, बारा फेऱ्यांनंतर गुणांत मागे होता, आणि तेराव्या फेरीत दोराजवळ त्याचा उजवा हात एवढासा प्रवास करून वॉलकॉटच्या जबड्यावर लागला. तो ठोसा जेमतेम हातभर अंतरातला होता. त्याच उन्हाळ्यात, दोन महिने आधी, हेलसिंकीत कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी ५७ किलोंत कुस्तीचं कांस्य जिंकलं होतं. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही. पण १९५२ हे साल आखूड हातांच्या माणसांना धार्जिणं होतं, असं मी स्वतःच्या समाधानासाठी धरून चालतो.

आता ‘ब्रेक’. बॉक्सिंगमध्ये दोघं एकमेकांना बिलगले की पंच त्यांना वेगळं करतात. दिसायला हे तटस्थ काम आहे. पण विचार करा, बिलगण्याचा क्षण कोणाचा असतो? आखूड हातवाला मार खात खात आत आलेला असतो. त्याचं काम आता सुरू होणार असतं. उंच माणूस त्याच्या मानेवर वजन टाकतो, हात काखेत धरतो, पंच येतात, दोघांना हातभर लांब करतात, आणि लढत पुन्हा लांब हातवाल्याच्या पट्टीवर नेऊन ठेवतात. नाका ओलांडून आलेल्याला परत रांगेत उभं करण्याचं काम खुद्द पंच करतात, तेही पूर्ण नियमाने.

व्लादिमीर क्लिचकोने यावर जवळपास दहा वर्षं राज्य केलं. सहा फूट सहा इंच उंची, ८१ इंच रीच, आणि इमॅन्युएल स्टुअर्ड यांची शिकवण. हर्न्सला घडवणारेही हेच स्टुअर्ड. जॅब, जॅब, उजवा, समोरचा आत आला की मिठी. ५ ऑक्टोबर २०१३ला मॉस्कोत अलेक्झांडर पोवेत्किनविरुद्ध त्याने हे इतक्या वेळा केलं की बघवेना. पोवेत्किन आत यायचा, क्लिचको त्याच्यावर रेलायचा, पंच सोडवायचे. अकराव्या फेरीत कुठे क्लिचकोचा एक गुण कापला गेला. निकाल तिन्ही पंचांचा ११९-१०४. पोवेत्किन चार वेळा खाली गेला, त्यातल्या काही वेळा ठोशाइतकाच वजनाने. मला ती लढत आवडत नाही, पण बॉक्सिंगमध्ये रीच एवढा का महत्त्वाचा, हे समजून घ्यायला याहून स्वच्छ धडा नाही. क्लिचकोला हरवायला शेवटी त्याच्याहूनही लांब माणूस लागला. २०१५च्या नोव्हेंबरात ड्युसेलडोर्फला ८५ इंच रीचच्या टायसन फ्युरीसमोर क्लिचकोचा जॅब सुटेचना. दुसऱ्याच्या टप्प्यात उभं राहायची वेळ त्याच्यावर क्वचितच आली होती.

आणि त्याच फ्युरीला २०२४च्या मे महिन्यात रियाधमध्ये ऑलेक्झांडर उसिकने हरवलं, रीच ७८. उसिक डावखुरा, आणि पाय एका जागी ठेवतच नाही. मार्सियानोसारखा तो दार फोडत नाही. दोन्ही बाजूंनी इतका हलतो की नाका नेमका कुठे आहे तेच समोरच्याला ठरवता येत नाही. नवव्या फेरीत फ्युरी दोरांवर लोंबकळत होता.

हे सगळं एका नियमपुस्तकातलं. दुसरं पुस्तक उघडायचं तर मला नेहमी २६ जून १९७६चं टोकियो आठवतं. मुहम्मद अली विरुद्ध जपानी कुस्तीगीर अंतोनियो इनोकी. अलीचा रीच ७८ इंच, आणि जगातला सर्वांत वेगवान हेवीवेट जॅब. घंटा झाली आणि इनोकी धावत येऊन जमिनीवर घसरला, पाठीवर पडला आणि तिथून अलीच्या पोटऱ्यांवर लाथा मारू लागला. पंधरा फेऱ्या बहुतांश असंच. अली त्याच्याभोवती फिरत ऊठ, ऊठ म्हणत होता. बोटांवर मोजता येतील एवढे ठोसे त्याने मारले. लढत अनिर्णित सुटली, लोकांनी रिंगमध्ये कचरा फेकला आणि अलीच्या पायांवर नंतर उपचार करावे लागले. त्या रात्रीला लोक फार्स म्हणतात. मला ती या विषयातली सर्वांत प्रामाणिक रात्र वाटते. उभा माणूस उभ्या माणसाशी लढणार, हे बॉक्सिंगमध्ये कुणी उच्चारत नाही इतकं गृहीत आहे, आणि हाताची लांबी त्या गृहीतावरच उभी आहे. समोरचा आडवा झाला की ७८ इंच छताकडे बघत राहतात.

१९९३ला डेन्व्हरमध्ये पहिली यूएफसी झाली, म्हणजे ठोसे, लाथा, कुस्ती सगळं चालणाऱ्या, पुढे एमएमए म्हणून ओळखल्या गेलेल्या खेळाची स्पर्धा, तेव्हा आर्ट जिमरसन नावाचा बॉक्सर एकाच हातात ग्लोव्ह घालून आला होता. रॉईस ग्रेसीने त्याला पाडलं, छातीवर बसला, आणि जिमरसनने हार मानली. जॅबसाठी घातलेला तो ग्लोव्ह जवळपास कोराच परत गेला.

माझे एक मामा कोल्हापूरच्या तालमीत वाढलेले. कान मोडलेले, मान अजून खांद्यात रुतलेली. एकदा सुट्टीत आले असताना मी त्यांना बॉक्सिंगची एक जुनी लढत दाखवली. बराच वेळ गप्प बसून बघितलं, मग म्हणाले, “ह्यो हात एवढा लांब सोडतोय. त्यो पट का काढंना?”

“चालत नाही मामा. कमरेखाली हात लावायचा नाही.”

“आन् धरायचं?”

“तेही नाही.”

“मग लेका, त्यो लांब हात म्हंजे नुसता माज की. मातीत असता तर धोबीपछाडीला आयतं गिऱ्हाईक.”

मामांना एमएमएतलं ओ की ठो माहीत नव्हतं, पण त्यांनी मर्म सांगितलं होतं. पुढे गेलेला हात हे मातीत हत्यार कमी आणि हत्याराची मूठ जास्त; समोरच्याला धरायला दिलेली मूठ. एमएमएत जॅब पूर्ण ताणला की वजन पुढच्या पायावर येतं, कंबर उघडी पडते, आणि त्याच क्षणी समोरचा खाली बसून एकेरी नाहीतर दुहेरी पट काढतो, म्हणजे एक किंवा दोन्ही पाय धरून पाडतो. ठोसा डोक्यावरून जातो. म्हणून तिथे बॉक्सरसारखं अंग वळवून उभं राहणं महागात पडतं. पुढचा पाय आत वळलेला असेल तर पोटरीवर लाथ बसते, पटाला उत्तर द्यायला कंबर वेळेत मागे जात नाही. मग छाती थोडी समोर करावी लागते, आणि अंग वळवून कमावलेले ते दोन-तीन इंच परत द्यावे लागतात. शिवाय सर्वांत बाहेरचं अंतर हाताचं उरतच नाही, पायाचं होतं. यूएफसी आपल्या माहितीत पायाची लांबीही देते ती उगाच नाही. बॉक्सिंगमध्ये एक नाका होता, इथे तीन-चार आहेत, आणि प्रत्येकाचा मालक वेगळा असू शकतो.

ग्लोव्हचाही हात आहे यात. बॉक्सिंगचा ग्लोव्ह आठ किंवा दहा औंसांचा, त्याच्या आड चेहरा लपवता येतो. एमएमएचा चार औंसांचा, बोटं मोकळी. त्याच्या फटीतून ठोसा सरळ आत येतो, त्यामुळे तिथे लांब उभं राहणं हाच मोठा बचाव. पण मोकळ्या बोटांनी पकडताही येतं, आणि त्या पकडीला कोणी लगेच सोडवत नाही. माझ्यासाठी सगळ्यात मोठा फरक हाच.

जुलै २०१८, लास व्हेगास. यूएफसीचा हेवीवेट विजेता स्टिपे मिओचिच, सहा फूट चार इंच, रीच ८०. समोर डॅनियल कॉर्मिए, पाच फूट अकरा इंच, रीच साडेबहात्तर, दोनदा ऑलिंपिक संघात निवडला गेलेला कुस्तीगीर. साडेचार मिनिटं मिओचिच त्याला लांबून मारत होता. मग दोघं बिलगले. बॉक्सिंगमध्ये इथे पंच आले असते आणि मिओचिचला त्याची पट्टी परत मिळाली असती. इथे कोणी आलं नाही. एकमेकांपासून सुटता सुटता कॉर्मिएचा आखूड उजवा मिओचिचच्या जबड्यावर बसला आणि तो कोसळला. मला त्या रविवारी सकाळी उगीचच आमच्या पुण्यातल्या जिमची आठवण झाली. सरांनी ‘ब्रेक’ म्हणायला पाच सेकंद उशीर केला असता तर, वगैरे.

तरीही एमएमएत रीचला किंमत नाही, असं म्हणणाऱ्यांशी मी वाद घालतो, आणि माझा वाद एका माणसाच्या नावाने सुरू होऊन तिथेच संपतो. जॉन जोन्स. रीच साडेचौऱ्याऐंशी इंच. वयाच्या तेविसाव्या वर्षी यूएफसीचा विजेता. ३ जानेवारी २०१५ला त्याने याच कॉर्मिएला पाच फेऱ्यांत हरवलं, आणि नुसतं लांबून मारून नव्हे. कॉर्मिएला त्याने पाडलंही, जे तोवर एमएमएत कोणाला जमलं नव्हतं. जोन्सचा हात बॉक्सरच्या हातासारखा चालत नाही. तो हात समोरच्याच्या कपाळावर ठेवतो, मनगटं धरतो, खांदा अडवतो. बोटं उघडी ठेवून हात पुढे ताणायचा, या सवयीमुळे डोळ्यांत बोटं जाण्याच्या तक्रारीही त्याच्याविरुद्ध वारंवार झाल्या. बाहेर राहून गुडघ्यावर तिरकी लाथ मारतो. हाताबरोबर पायाचा नाकाही त्याचाच. आणि जवळ आलात तर तोच लांब हात मानेभोवती फिरतो. २०११च्या डिसेंबरात टोरोंटोला ल्योटो माचिदाला त्याने उभ्या उभ्या गळ्यात हात घालून आवळलं, आणि सोडलं तेव्हा माचिदा शुद्ध हरपून पिंजऱ्याच्या जाळीच्या कडेला कोसळला. बॉक्सिंगमध्ये हात लांब असण्याचा उपयोग लांबूनच. इथे तो गळ्याभोवती वेढा पूर्ण करायलाही पडतो. आपला भरत खंडारे २०१७च्या नोव्हेंबरात शांघायला यूएफसीत उतरला तेव्हा सोंग यादोंगने त्याला पहिल्याच फेरीत गिलोटिनने, म्हणजे मान काखेत धरून, हरवलं. मामांना मी ती लढत सांगितली तर त्यांनी विचारलं, मानेचं माप लिहीत नाहीत का तक्त्यात?

गंमत म्हणजे पूर्वी लिहीत. जुन्या काळी बॉक्सिंगच्या तक्त्यात मान, छाती, दंड, मनगट, मूठ, मांडी, पोटरी, घोटा असं सगळं छापून यायचं. बॉक्सिंगला त्यातल्या निम्म्याचाही उपयोग नव्हता. ज्या खेळाला मान आणि मांडी खरोखर लागते त्याच्या तक्त्यात मात्र ती मापं दिसत नाहीत.

एमएमएतल्या कॉनर मॅकग्रेगर या माणसाबद्दल मला फारसं प्रेम नाही. तोंडाळपणाचा कंटाळा येतो. पण या विषयासाठी त्याने जे करून ठेवलं आहे ते दुसऱ्या कोणी केलेलं नाही. एकच शरीर, एकच ७४ इंचांचा रीच, एकच इमारत, लास व्हेगासचा टी-मोबाइल अरीना, आणि चौदा महिन्यांच्या आत दोन वेगळी नियमपुस्तकं.

२६ ऑगस्ट २०१७ला तो फ्लॉइड मेवेदरशी बॉक्सिंगच्या नियमांनी लढला. मेवेदरचा रीच ७२. पहिल्या तीन फेऱ्या मॅकग्रेगरची लांबी आणि त्याचे विचित्र कोन मेवेदरला खरोखर अडवत होते. मग मेवेदर गार्ड वर करून सरळ चालत पुढे येऊ लागला. मॅकग्रेगर बिलगला की सवयीने त्याच्या पाठीमागे जायचा, वरून मुठीचे घाव घालायचा, म्हणजे त्याच्या मूळ खेळात जिथे लढत सुरू होते तिथे पोचायचा; आणि पंच रॉबर्ट बर्ड येऊन सोडवायचे. एरवी आखूड हातवाल्याचा जो घात करतं ते ‘ब्रेक’ त्या रात्री लांब हातवाल्याला नडलं, कारण जवळ आल्यावर त्याला जे येत होतं ते सगळं त्या पुस्तकात गुन्हा होता. दहाव्या फेरीत तो दमून दोरांवर गेला आणि लढत थांबली.

६ ऑक्टोबर २०१८ला समोर खबीब नूरमगोमेदोव. दागेस्तानचा कुस्तीगीर, रीच ७०. हाताला दोन इंचांचा फायदा मॅकग्रेगरचा. खबीबने सुरुवातीलाच खाली वाकून पाय धरला. पहिली पाच मिनिटं मॅकग्रेगर जाळीला पाठ लावून बसलेला होता. दुसऱ्या फेरीच्या सुरुवातीला काय झालं ते पुन्हा पुन्हा पाहण्यासारखं आहे. मॅकग्रेगर उभा आहे, त्याचं अंतर आहे, त्याचाच खेळ आहे, पण डोक्यात पट आहे. हात पटाच्या भीतीने किंचित खाली आणि वरून खबीबचा उजवा. ७० इंचवाल्याने ७४ इंचवाल्याला ठोशाने पाडलं, तेही बॉक्सिंग फार येत नसताना.

तिसऱ्या फेरीत खबीबने बराच वेळ उभ्यानेच लढणं पसंत केलं. दमला होता की मिजास होती, कोण जाणे. त्या पाच मिनिटांत मॅकग्रेगरचा हात पुन्हा ७४ इंचांचा झाला. जॅब पोचू लागला, डावा पोचू लागला, पोटात ठोसे बसू लागले, आणि ती फेरी पंचांनी त्याला दिली. मी मामांना फोन लावून ती फेरी ऐकवत होतो. चौथी सुरू झाली आणि खबीब पुन्हा पायांकडे गेला.

“काढला का पट?” मामांनी विचारलं.

“काढला.”

“मग ठेव आता फोन.”